५,९९९ चा हप्ता आणि खाणबंदी पाहिलेले बाबा

वाचकाचे पत्र

काका, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. वय एकतीस. वेर्ण्याला औषध कंपनीत ऑपरेटर आहे, हातात ३१ हजार येतात. बायको एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनवर असते, तिला १४ हजार. घर आमचं स्वतःचं. आई-बाबा सोबत असतात, मुलगी चार वर्षांची आहे. स्कूटरच्या कर्जाचे २,९०० चे आठ हप्ते राहिलेत. आईला दर महिन्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं, आणि पावसात स्कूटरवरून नेताना जीव टांगणीला लागतो.

शोरूममध्ये लहान गाडी पाहिली. ‘महिना फक्त ५,९९९, नवी गाडी दारात’ अशी त्यांची जाहिरात आहे. ऑन रोड ५ लाख ८७ हजार, पाच लाखांचं कर्ज, सात वर्षं. पहिलं वर्ष हप्ता ५,९९९ आणि नंतर ८,६७०. ऑफर गणेश चवथीपर्यंतच आहे म्हणतात. भरायच्या ८७ हजारांतले ४० हजार माझ्याकडे आहेत, बाकीचे बायकोच्या पाटल्या क्रेडिट सोसायटीत गहाण ठेवून उभे करू म्हणतो. मेहुणा म्हणतो, पर्यटकांच्या सीझनमध्ये गाडी कळंगुट-बागाला भाड्याने सोडली तर हप्ता आपोआप सुटेल. बाबांचा मात्र साफ विरोध. खाणबंदीत त्यांनी ट्रकच्या हप्त्यांचे हाल भोगलेत, त्यामुळे कर्ज म्हटलं की ते उठूनच जातात. आमच्या वाड्यावर आता गाडी नसलेली दोनच घरं राहिलीत, त्यातलं एक आमचं. घेऊ का? बुकिंगचे पाच हजार भरून बसलोय.

*— एक वाचक, डिचोली*

उत्तर

गाडी घ्या, पण या कागदावर घेऊ नका आणि या चवथीला घेऊ नका. का ते सांगतो.

तुम्ही कोटेशनचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसता हप्त्याचा आकडा कळवतात आणि ‘परवडेल ना?’ विचारतात. मी बँकेच्या कर्जखात्यात बसत होतो तेव्हाही तेच. माणूस शोरूममधून यायचा, खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढायचा आणि त्याच्या पाठीवर पेनाने लिहिलेला एकच आकडा दाखवायचा, महिन्याचा. गाडी एकूण कितीला पडते, हे त्या कार्डावर कधी लिहिलेलं नसे, आणि विचारलं तर त्यालाही माहीत नसे. विकणाऱ्याला तेच हवं असतं. महिन्याचा आकडा लहान करणं अगदी सोपं आहे. मुदत लांबवली की तो लहान होतो. सुरुवातीचे हप्ते कमी ठेवून पुढचे वाढवले की जाहिरातीपुरता आणखी लहान होतो. काही योजनांत शेवटी एक भला मोठा हप्ता ठेवलेला असतो. तुमच्या कागदात पहिल्या दोन्ही युक्त्या आहेत.

आता वहीत मांडून बघा. पहिल्या वर्षी ५,९९९ प्रमाणे बारा हप्ते, म्हणजे जवळजवळ ७२ हजार भरणार. वर्ष संपल्यावर पाच लाखांतले किती फिटले असतील? साडेपंचवीस हजार. बाकी सगळं व्याजात गेलं. मग ८,६७० चे बहात्तर हप्ते. सगळे मिळून ६ लाख ९६ हजार होतात, म्हणजे पाच लाखांवर जवळजवळ दोन लाख व्याज. वरचे ८७ हजार धरले तर ४ लाख ९९ हजार एक्स-शोरूम (नोंदणी, विमा वगैरे सोडून) किमतीची गाडी तुम्हाला ७ लाख ८३ हजारांना पडते. पाटल्या ठेवल्यात तर त्यांचं व्याज वेगळं. कोटेशनवर व्याजाचा दर साडेनऊ टक्के लिहिलाय, आणि त्या दराने मी आकडेमोड करून पाहिली. हप्ते बरोबर बसतात. लबाडी कुठेच नाही. सगळं कागदावर आहे, फक्त जाहिरातीत नाही.

सात वर्षांच्या मुदतीतली दुसरी अडचण पत्रातून तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. गाडीची किंमत भरभर उतरते आणि कर्ज मात्र हळूहळू. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना तिसऱ्या वर्षात तीस टक्के, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास टक्के घसारा वजा करतात. म्हणजे तीन वर्षं उलटली की तुमची गाडी विम्याच्या लेखी तीन लाखांच्या आत येणार. तुमच्या या योजनेत तेव्हा कर्ज सव्वातीन लाखांच्या वर शिल्लक असेल. त्या काळात गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही तुमच्या डोक्यावर काही हजार राहतातच, आणि दारात गाडी नाही. गाडी विकायची वेळ आली तरी हीच तऱ्हा, कारण बँकेचं देणं मिटल्याशिवाय आरसी बुकावरचा तिचा बोजा उतरत नाही.

तुमच्या बाबांबद्दल थोडं बोलायला हवं. पत्रात तुम्ही त्यांचा विरोध दोन ओळींत उरकलाय आणि मला तीच बाजू सगळ्यात वजनदार वाटते.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांत काय झालं हे आजच्या तिशीतल्यांना धूसर आठवत असेल. त्याआधीच्या वर्षांत चीनला खनिज धडाधड जात होतं, आणि ज्याच्याकडे ट्रक तो राजा अशी स्थिती होती. ट्रकचा हप्ता मोठा असे, पण फेऱ्यांचे पैसे त्याहून मोठे असत. कर्ज देणाऱ्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मग एका आठवड्यात फेऱ्या बंद पडल्या. पुढे खाणी थोड्या सुरू झाल्या, तर ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. त्या दिवसांत काउंटरच्या पलीकडे जे चेहरे यायचे त्यांतला एकही उधळ्या नव्हता. त्यांचा हिशेब चुकलेला नव्हताच. कमाई चालू राहील, एवढंच त्यांनी धरून चाललं होतं. रस्त्याकडेला उभ्या ट्रकांच्या टायरांत पावसाळ्यात रान वाढलेलं तुम्हीही पाहिलं असेल. तेव्हा तुम्ही शाळेत किंवा कॉलेजात असाल.

तर बाबा उठून जातात ते गाडीला विरोध म्हणून नव्हे. ट्रक कमावता होता तरी बुडाला, ही गाडी तर कमावणारीही नाही, एवढं त्यांना दिसतंय. तुमची नोकरी ट्रकच्या फेऱ्यांपेक्षा पक्की आहे, हे मान्य. पण तुमचा हिशेब दोन पगारांवर उभा आहे. दवाखान्यातली नोकरी खासगी, दुसरं मूल झालं किंवा आईची तब्येत ढासळली तर घरी कोण थांबणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सात वर्षांत असं काहीच होणार नाही, असं कोणत्या घरात म्हणता येईल? एकट्या ३१ हजारांत ८,६७० चा हप्ता बसतो का, हे आधी बघा. नुसता हप्ता कदाचित बसेल. गाडी बसणार नाही.

कारण हप्ता हा गाडीच्या खर्चाचा एक भाग झाला. वेर्ण्याला जायला तुम्हाला कंपनीची बस आहे, म्हणजे गाडी महिन्याला सहाशे किलोमीटरच्या वर पळणार नाही. बांबोळीच्या फेऱ्या, म्हापशाचा बाजार, सासुरवाडी, अधूनमधून देवदर्शन. लिटरला अठरा किलोमीटर धरले आणि पेट्रोल शंभराच्या आसपास, तर सव्वातीन हजार झाले. पहिलं वर्ष सरलं की विमा वर्षाला बारा-पंधरा हजार, सर्व्हिसिंग सहा-आठ हजार, चार वर्षांनी टायर, पाचव्या वर्षाच्या आगेमागे बॅटरी. हे सगळं महिन्यावर पसरलं तर साडेपाच हजारांच्या घरात जातं. हप्ता धरून चौदा हजार. दोघांच्या ४५ हजारांतून पाच माणसांच्या घरात चौदा हजार गाडीला, आणि एकट्या तुमच्या पगारातून तर जवळजवळ अर्धे.

आता मी सुचवतो ते वर्षभराचं गणित बघा. समजा गाडी आली आणि ८,६७० चा हप्ता या महिन्यापासूनच सुरू झाला. तेवढे पैसे दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडीत टाका. हातात पैसा टिकत नसेल तर पिग्मीवाल्याला रोजचे तीनशे द्या, तेही चालेल. आपल्याकडे सोसायट्यांचे पिग्मी एजंट दारापर्यंत येतात आणि त्यांना नाही म्हणायची लाज वाटते, हाच त्यांचा उपयोग. बारा महिन्यांत १ लाख ४ हजार होतात. तुमचे ४० हजार, आणि बोनस मिळाला तर त्यातले सोळा हजार. झाले १ लाख ६० हजार. पाटल्या घरातच राहिल्या.

दरम्यान आठ महिन्यांत स्कूटर फिटलेली असेल. वर्षभरात गाडीची किंमत थोडी वाढेल. कंपन्या बहुधा जानेवारीत वाढवतात. ती पंधरा-सतरा हजार धरू. पण तुमच्या कोटेशनमध्ये काढून टाकण्यासारखे चोवीस हजार आहेत, ते काढले की ऑन रोड ५ लाख ८० हजार धरायला हरकत नाही. कर्ज उरलं ४ लाख २० हजार. तेच साडेनऊ टक्के, पण पाचच वर्षं. हप्ता येतो ८,८२१. तुमच्या आजच्या कागदावरच्या ८,६७० पेक्षा दीडशे रुपयांनी जास्त, बस्स. सगळं मिळून खर्च ६ लाख ८९ हजार. म्हणजे ९४ हजार वाचले. शिवाय वर्षभर थांबूनही तुम्ही आजपासून सहा वर्षांत मोकळे होता, आणि आता घेतलीत तर सात वर्षांनी.

वर्षभरात त्या आरडीला दोन-तीनदा हात लावावा लागला, तर त्याचा अर्थ तुम्हीच काढा. माझ्या पत्राची गरज उरणार नाही. आणि वर्षभर टिकलात तर बाबांपुढे पासबुक ठेवा. ते उठून जाणार नाहीत असं मला वाटतं.

ते चोवीस हजार कुठले? तुमच्या कोटेशनच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरांत तीन ओळी आहेत. ‘एसेन्शियल किट’ ११,९९०, ‘टेफ्लॉन व अंडरबॉडी कोटिंग’ ६,५००, ‘हँडलिंग’ ५,५००. किट म्हणजे पायपुसणी, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि एक परफ्यूमची बाटली. ते बाहेर निम्म्या किमतीत मिळतं, नाही घेतलं तरी गाडी चालते. कोटिंगबद्दल मी इतकंच म्हणेन की तुम्ही समुद्राकाठी राहत नाही. हवंच वाटलं तर पुढच्या पावसाळ्याआधी बाहेर करून घ्या. ‘हँडलिंग’चे पैसे कसले, ते लेखी विचारा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च कंपनीच्या किमतीत आलेला असतो. लेखी मागितलं की ही ओळ बहुधा आपोआप नाहीशी होते. कर्जाच्या रकमेतच कर्जदाराच्या जीवनविम्याचा हप्ता मिसळलेला नाही ना, तेही पाहा, कारण मग त्या हप्त्यावरही सात वर्षं व्याज जातं. असा विमा वाईट असतो असं नाही. टर्म पॉलिसी स्वतंत्र घेतलीत तर मात्र स्वस्त पडते आणि गाडी फिटल्यावरही चालू राहते.

जाहिरातीत ‘जीएसटी लाभ ग्राहकांना’ अशी ठळक ओळ आहे. तो लाभ शोरूमच्या खिशातून येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला, म्हणून किमती उतरल्या. चवथीनंतर तो कर पुन्हा वाढेल असं कोणी सांगत असेल तर त्याला हसून चहा पाजा. चवथीची ऑफर संपली की दसरा-दिवाळीची येते आणि डिसेंबरात तर जुन्या वर्षाचा साठा हलवायला सगळ्यात जास्त सूट देतात. डिसेंबरात घेतलेली गाडी कागदावर लगेच एक वर्ष जुनी होते हे खरं, पण दहा वर्षं वापरणाऱ्याला त्याचं काय?

विम्याच्या बाबतीत नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, २०१८ पासून तो नियम आहे. पण तो शोरूमकडूनच घ्या, असा नियम नाही. बाहेरून दोन कोटेशनं आणून समोर ठेवा. झीरो डेप (दाव्यातून घसारा न कापणारा विमा) घ्या, आणि आपल्या पावसात ‘इंजिन प्रोटेक्ट’ जरूर घ्या. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि माणसाने पुन्हा चावी फिरवली, की पाणी इंजिनात ओढलं जातं. साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत. ही एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही, ढकलायची.

मेहुण्यांच्या कल्पनेवर मी जरा कडक बोलणार आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, हे कळंगुटला रोज दिसतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून परमिटशिवाय गाडी धंद्याला लावल्यास पहिल्या वेळीच दहा हजारांचा दंड आणि वर कैदेचीही तरतूद आहे. दंड तरी भरता येईल. पण बाहेरून आलेल्या चार पोरांनी रात्री दोन वाजता हणजुण्याच्या रस्त्यावर कोणाला उडवलं, तर आरसी बुकावर नाव तुमचं. विमा कंपनी म्हणणार, खासगी वापराची पॉलिसी होती, तुम्ही धंदा केलात. मग भरपाईची नोटीस तुमच्या दारात, त्याच घरावर जे तुम्ही ‘स्वतःचं’ म्हणून अभिमानाने लिहिलंय. दर सीझनला आपल्या पेपरांत अशी बातमी असते. मेहुण्यांना सांगा, काळ्या पाटीचा धंदाच करायचा तर रीतसर परमिट घेऊन, धंद्याचं कर्ज घेऊन वेगळी गाडी काढा. घरची गाडी त्यात घालू नका.

आणि पाटल्यांचं. डाउन पेमेंट म्हणजे तुमचा स्वतःचा पैसा, तोच जर कर्जाऊ आणला तर गाडी शंभर टक्के उधारीची झाली. सोनं ठेवायची सोय आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण ती दवाखान्याच्या रात्रीसाठी राहू दे. बायकोला विचारलंत का, हेही पत्रात कुठे दिसलं नाही.

कर्ज घ्याल तेव्हा तीन-चार ठिकाणी दर विचारा. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी. शोरूममधल्या माणसाला कर्ज मिळवून देण्याचं कमिशन असतं, म्हणून तो एकच नाव घेतो. कोणी ‘सहाच टक्के, फ्लॅट’ म्हणालं तर सावध. फ्लॅट म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण पाच लाखांवर व्याज, तुम्ही अर्धे फेडले असले तरी. पाच वर्षांच्या कर्जावर सहा टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकीवर पावणेअकरा टक्क्यांच्याही थोडं वर. तुमचे साडेनऊ त्यापेक्षा स्वस्त. हा घोळ टाळायला रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ सक्तीचं केलंय. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावरूनच करा, हप्त्यावरून करू नका. दर फ्लोटिंग असेल तर आधी फेडल्याबद्दल दंड आकारता येत नाही. फिक्स्ड असेल तर किती आकारणार ते सहीआधी विचारा. बोनसचे पैसे मध्येच भरून तुम्हाला लवकर सुटायचं असेल, तेव्हा हे कामाला येतं.

गाडी आल्यावर तीन-चार हप्त्यांइतकी रक्कम एफडीत बाजूला असू दे. हप्ता बाउन्स झाला की बँकेचा आकार लागतो, सिबिलवर डाग पडतो आणि पुढे घराच्या दुरुस्तीचं कर्ज काढायला गेलात की तो तिथे दिसतो. शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) मागून घ्या आणि तीन महिन्यांच्या आत आरटीओत बोजा उतरवा. लोक आनंदाच्या भरात हे विसरतात. दहा वर्षांनी गाडी विकताना मग त्या बँकेची कुठली शाखा कुठे विलीन झाली ते शोधत हिंडतात.

वर्षभर थांबणं खरंच शक्य नसेल, आईला पावसात नेण्याचा प्रश्न आजच सोडवायचा असेल, तर दोन वाटा आहेत. महिन्यातून एक-दोन फेऱ्यांना गावातलीच टॅक्सी ठरवा. डिचोलीहून बांबोळीला नेऊन, थांबून, परत आणायचे जे पैसे होतील ते चौदा हजारांशी ताडून बघा. मला यात लाजण्यासारखं काही दिसत नाही.

दुसरी वाट सेकंडहँडची. तीन-चार वर्षं वापरलेली लहान गाडी तुमच्या कामाला पुरेशी आहे, आणि पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा घास आधीच गिळलेला असतो. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं, त्यामुळे कर्ज लहान ठेवा. मात्र गोव्यात एक तपास जास्तीचा करावा लागतो. रेंट-अ-कारमध्ये पिळून काढलेल्या गाड्या पाटी बदलून बाजारात येतात. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकून बोजा, दंड आणि विमा बघा, आणि आधी ती व्यावसायिक नोंदणीत होती का हे आरटीओत विचारून घ्या. गाडी बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली किंवा कुबट वास आला तर ती गाडी पुरात उभी होती असं समजा. मागच्या डिकीतलं स्टेपनी उचलून खालचा पत्रा हाताने चाचपा. किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीचा गंज तिथे आधी सापडतो. आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याला पाचशे रुपये द्या. ओळखीखातर फुकट आला तर तो घाईघाईत बघेल.

वाड्यावर गाडी नसलेली दोनच घरं उरल्याचं तुम्ही लिहिलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या शंभरांपैकी ४५ घरांत कार निघाली, देशात हे प्रमाण तेव्हा आठाच्याही आत होतं. आपण त्या बाबतीत देशात पहिले. म्हणजे गाडी नसल्याची टोचणी गोव्यात जितकी लागते तितकी दुसरीकडे कुठे लागत नसेल, हे मी समजू शकतो. त्या दारांतल्या किती गाड्या फिटलेल्या आहेत, याचं सर्वेक्षण मात्र झालेलं नाही.

राहिला बुकिंगच्या पाच हजारांचा प्रश्न. पावती आणि बुकिंग फॉर्मच्या पाठीमागच्या अटी वाचा. गाडीचं बिल झालेलं नसेल आणि ती तुमच्या नावावर नोंदलेली नसेल, तर काही रक्कम कापून किंवा पूर्णही परत मिळते. फोनवर बोलू नका, सेल्समन गोड बोलून आठवडा काढतो. आजच शोरूमच्या अधिकृत ईमेलवर बुकिंग नंबर, भरल्याची तारीख आणि खाते क्रमांक देऊन रद्द करत असल्याचं लिहा, आणि कर्जाचा अर्ज दिला असेल तर तो मागे घेत असल्याचंही त्याच पत्रात लिहून त्याची प्रत बँकेला पाठवा. पंधरा दिवसांत काहीच हाललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथे मराठीतही बोलता येतं. फॉर्मवर ‘बुकिंग रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं आणि तुम्ही त्याखाली सही केली असली, तरीही अर्ज करा. फार तर पाच हजार जातील.